विश्लेषण : नव्या कॅमेऱ्याच्या आरशावर डाग दिसला, तर पुसायचा का?

लग्नसराईच्या तोंडावर किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावर नवा डीएसएलआर कॅमेरा घरी येतो. पाच-दहा फोटो काढून होतात. मग लेन्स काढून आत डोकावण्याचा मोह होतो आणि समोरच्या तिरप्या आरशावर एक पांढुरका ठिपका किंवा पुसटशी रेघ दिसते. एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू आणि पहिल्याच दिवशी डाग! हात आपसूक चष्म्याच्या फडक्याकडे जातो. धोका आहे तो इथेच. त्या ठिपक्याने फोटो बिघडणार नव्हता. फडक्याने मात्र आरशावर कायमचा ओरखडा उठू शकतो. म्हणून फडके हाती घेण्याआधी हा आरसा काय काम करतो, त्यावरचा कोणता डाग दुर्लक्ष करण्याजोगा आणि कोणती तक्रार दुकानदाराकडे न्यावीच लागते, हे समजून घ्यायला हवे.

हा आरसा नेमके काय करतो?

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागे ४५ अंशांच्या कोनात एक आरसा बसवलेला असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर वळवतो. वर फोकसिंग स्क्रीन नावाची दुधी पातळ चकती असते. तिच्यावर उमटलेले दृश्य प्रिझममधून सुलट होऊन व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे आपण डोळा लावतो त्या खिडकीत दिसते. स्वस्त मॉडेलमध्ये काचेच्या भरीव प्रिझमऐवजी छोट्या आरशांची जुळणी असते, एवढाच फरक.

बटण दाबले की हा आरसा झटकन वर उचलला जातो, मागचे शटर उघडते आणि प्रकाश थेट सेन्सरवर पडतो. फोटो झाला की आरसा पुन्हा खाली येतो. डीएसएलआरचा तो ओळखीचा ‘खटॅक’ आवाज आरशाच्या आणि शटरच्या याच हालचालीचा.

मग आरशावरची धूळ फोटोत का येत नाही?

उत्तर वरच्या वर्णनातच आहे. फोटो निघतो त्या क्षणी आरसा प्रकाशाच्या वाटेत नसतोच. त्यामुळे त्याच्यावरचा धुळीचा कण, केस किंवा बारीक ओरखडा फोटोत उमटण्याचा प्रश्नच येत नाही.

याला अपवाद आहे तो न हलणाऱ्या अर्धपारदर्शक आरशाच्या कॅमेऱ्यांचा. कॅननने १९६५ मध्ये ‘पेलिक्स’ या फिल्म कॅमेऱ्यात असा आरसा वापरला होता. सोनीने २०१० पासून ‘ए५५’ आणि त्यापुढच्या काही मॉडेलांत तीच कल्पना डिजिटल रूपात आणली. या कॅमेऱ्यांत प्रकाश आरशातून आरपार जाऊन सेन्सरवर पडतो. त्यामुळे तिथे आरशावरचा तेलकट डाग चित्राच्या स्वच्छतेवर परिणाम करू शकतो. जुन्या बाजारात असा कॅमेरा घेताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

पण व्ह्यूफाइंडरमध्ये काळा ठिपका स्पष्ट दिसतो, तो कुठला?

बहुतेक वेळा तो आरशावरचा नसतोच. आपली नजर व्ह्यूफाइंडरमधून फोकसिंग स्क्रीनवर खिळलेली असते, म्हणून त्या चकतीवरचा कण रेखीव, ठसठशीत दिसतो. आरसा तिच्यापासून दूर असल्याने त्याच्यावरची धूळ दिसलीच तर अगदी अंधूक दिसते, नाही तर दिसतही नाही. म्हणजे अनेकदा ठिपका असतो चकतीवर आणि पुसला जातो आरसा! ठिपका जागचा हलत नाही म्हणून आणखी जोर लावला जातो आणि नुकसान वाढते.

कण चकतीच्या वरच्या बाजूला, प्रिझमच्या दिशेने असेल तर तो बाहेरून निघणारही नाही. तो डोळ्याला खुपतो, फोटोला नाही.

घरातला आरसा आपण रोज पुसतो, मग हा का नाही?

दोन्ही आरशांची जात वेगळी आहे. घरातल्या आरशाचा चकाकणारा थर काचेच्या मागे असतो. आपण पुसतो ती पुढची काच, थर तिच्याआड सुरक्षित राहतो. कॅमेऱ्यातल्या आरशाचा थर मात्र काचेच्या पुढच्या पृष्ठभागावर, उघडा असतो. तो मागे ठेवला तर काचेच्या पुढच्या बाजूवरूनही थोडा प्रकाश परावर्तित होऊन दुहेरी प्रतिमा दिसली असती. ती टाळण्यासाठी ही रचना. पण त्याची किंमत अशी, की हा अतिशय पातळ थर मऊ फडक्यानेही ओरखडला जातो. फडक्यात अडकलेला वाळूचा एक कण त्यासाठी पुरेसा असतो. बोटाचा ठसा उमटला तर त्यातला घाम आणि तेल थराला हळूहळू खराब करू शकतात.

वरची फोकसिंग स्क्रीनही तितकीच नाजूक. ती साधारणपणे प्लास्टिकची असते, तिच्यावर अतिसूक्ष्म खाचा असतात. तिथे फिरवलेला कापसाचा बोळा तंतू मागे ठेवतो आणि चरेही.

म्हणजे आरशाकडे बघायचेच नाही का?

तसेही नाही. आरशाच्या मधल्या भागातून थोडा प्रकाश आरपार जातो. मागे असलेला दुसरा छोटा आरसा तो खाली वळवतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या ऑटोफोकस सेन्सरपर्यंत पोहोचवतो. म्हणून एखाद-दुसऱ्या कणाने काही बिघडत नसले, तरी मोठा तेलकट फराटा फोकसच्या कामात अडथळा आणू शकतो.

त्याहून गंभीर बाब आहे आरशाच्या कोनाची. पुसताना आरसा दाबला गेला आणि त्याची बैठक किंचितही हलली, तर व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस बरोबर दिसतो, पण फोटो किंचित अस्पष्ट येतो. याची परीक्षा सोपी आहे. कॅमेरा स्टँडवर ठेवून एकाच वस्तूचा एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि दुसरा मागच्या पडद्यावर पाहून, म्हणजे लाइव्ह व्ह्यूमध्ये काढावा. दुसरा दर वेळी स्पष्ट आणि पहिला दर वेळी अस्पष्ट येत असेल, तर फोकसची जुळणी चुकली आहे. ती दुरुस्ती सेवा केंद्रातच होते.

डाग सेन्सरवर आहे, हे कसे ओळखायचे?

फोटो खराब करते ती सेन्सरवरची धूळ. तिची परीक्षा घरी दोन मिनिटांत होते. मोड डायल अॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवावा, एफ १६ किंवा एफ २२ निवडावे, आयएसओ सर्वांत कमी ठेवावा. फोकस हाताने, म्हणजे मॅन्युअलवर घेऊन मुद्दाम बिघडवावा आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो काढावा. कॅमेरा थोडा हलला तरी चालेल. मग तो फोटो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहावा.

काळपट, कडा विरलेले गोल ठिपके दिसले आणि लेन्स बदलूनही त्याच जागी राहिले, तर धूळ सेन्सरवर आहे. सेन्सरवरचे चित्र उलटे असते, त्यामुळे फोटोत वर दिसणारा ठिपका प्रत्यक्षात सेन्सरच्या खालच्या भागात असतो. फोटो स्वच्छ आला, तर व्ह्यूफाइंडरमध्ये कितीही ठिपके असोत, निर्धास्त राहावे.

मग धूळ घालवायची कशी?

साधन एकच, रबरी फुग्याचा हवेचा पंप, ज्याला दुकानात ब्लोअर म्हणतात. पंखा बंद करावा, लेन्स काढावी, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे धरावे म्हणजे सुटलेली धूळ खाली पडेल. ब्लोअरचे टोक आत न घालता बाहेरूनच दोन-चार हलके झोत द्यावेत. तेवढ्याने कण गेला तर गेला. नाही गेला तर तो तिथेच राहू द्यावा.

तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे बारीक थेंब उडतात आणि त्यांचे डाग धुळीपेक्षा चिवट असतात. दाबाखालच्या हवेचे डबेही नकोत, त्यातून द्रव बाहेर उडू शकतो. लेन्स पुसण्याचे द्रावण, ब्रश, कापूस, टिश्यू यांपैकी काहीही आरशाला लावू नये.

सेन्सरवर धूळ असेल, तर आधी मेन्यूमधील सेन्सर सफाईची सोय वापरावी. सेन्सरपुढची काच सूक्ष्म कंपनांनी हलवून धूळ झटकण्याचे हे तंत्र ऑलिम्पसने २००३ मध्ये ‘ई-१’ या कॅमेऱ्यात आणले. आज ते बहुतेक कॅमेऱ्यांत असते. त्याने भागले नाही तर आरसा वर उचलून धरण्याचा पर्याय निवडून ब्लोअर वापरता येतो. पण बॅटरी पूर्ण भरलेली हवी. काम चालू असताना ती संपली तर आरसा आणि शटर मिटतात. ओली सफाई मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावी.

कंपनीची जबाबदारी कुठे सुरू होते?

धूळ दिसली की दोष कंपनीचाच, असे नाही. लेन्स बदलताना हवेतली धूळ आत जातेच आणि फिरत्या भागांवरून सुरुवातीच्या दिवसांत बारीक कण सुटू शकतात. पण साफ करूनही ठिपके पुन:पुन्हा येत असतील, तर ती ग्राहकाची चूक उरत नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या निकॉनच्या ‘डी६००’ची कहाणी याबाबत बोलकी आहे. या कॅमेऱ्याच्या फोटोंत काळे ठिपके येत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची दखल घेणारी सूचना काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्या शटरचा ‘डी६१०’ बाजारात आला. १५ मार्च २०१४ रोजी, जागतिक ग्राहक दिनी, चीनच्या सरकारी वाहिनीने हा विषय लावून धरला. त्याच वर्षी निकॉनने हमीची मुदत संपलेल्या कॅमेऱ्यांचीही मोफत तपासणी, सफाई आणि शटर बदलून देण्याची तयारी जाहीर केली. ग्राहकांनी ठिपक्यांचे फोटो जपून ठेवले आणि तक्रार सोडली नाही, म्हणून हे घडले.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सदोष वस्तूबद्दल दाद मागण्याचा हक्क देतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मात्र पुरावा लागतो. म्हणून खरेदीच्याच दिवशी वर सांगितलेला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून जपावा. बिल आणि हमीपत्र शिक्क्यासह घ्यावे. ऑनलाइन खरेदी असेल तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ही परीक्षा उरकावी. आरशावर ठसठशीत ओरखडा किंवा बोटाचा ठसा असेल, तर न पुसता त्याचा फोटो काढून दुकानदाराला दाखवावा. नवी म्हणून विकलेली वस्तू आधी कोणी हाताळली आहे का, हे विचारण्याचा तो आधार आहे. एकदा आपण फडके फिरवले, की तो ओरखडा कोणाचा हे सिद्ध करणे अवघड होते.

आपल्याकडे काळजी जास्त का?

गणपतीच्या मिरवणुकीतला गुलाल, जेजुरीचा भंडारा आणि वारीच्या वाटेवरची माती हे आपल्या छायाचित्रकारांचे आवडते विषय आहेत आणि कॅमेऱ्याचे शत्रूही. अशा ठिकाणी लेन्स बदलूच नये. बदलावी लागलीच तर आडोशाला, कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून झटपट बदलावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दमटपणामुळे बुरशीची भीती असते. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. चामड्याच्या बंद पिशवीत महिनोन् महिने ठेवू नये.

आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांमुळे ही काळजी संपलेली नाही. तिथे लेन्स काढली की अनेक मॉडेलांत सेन्सरच समोर उघडा असतो.

जबाबदारी दोन्ही बाजूंची

कॅमेरा विकताना दुकानदार मेगापिक्सेल सांगतो, बॅग आणि मेमरी कार्ड भेट देतो; पण ‘या आरशाला हात लावू नका’ हे एक वाक्य क्वचितच सांगतो. ही सूचना असते माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांत. कर्ज काढून कॅमेरा घेणाऱ्या होतकरू छायाचित्रकारासाठी हे एक वाक्य भेट मिळालेल्या बॅगेपेक्षा मोलाचे आहे. कंपन्यांनी ते डब्यावर ठळक मराठीत छापायला आणि दुकानदारांनी तोंडी सांगायला काय हरकत आहे? ग्राहकानेही क्रम पाळावा. आधी फोटो तपासावा, मग ब्लोअर, मग सेवा केंद्र. या क्रमात फडक्याला जागा नाही.