वीज गेली की पाणी कुठे जाते?

समुद्री मासे-प्रवाळांच्या टाक्या बसवून चार पैसे मिळवणाऱ्या तरुण बंधूंसाठी आम्ही हे लिहीत आहोत. कारण टाकीतले खारे पाणी सांडले, तर खालच्या बिऱ्हाडाचे छत गळते आणि स्लॅबची सळई गंजते.

काठावर टांगलेला ओव्हरफ्लो बॉक्स वरचे पाणी कपाटातल्या दुसऱ्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये, सोडतो. तिथला पंप ते गाळलेले पाणी परत वर चढवतो. वीज गेली की पंप थांबतो; पाणी मात्र बॉक्सच्या कडेखाली जाईपर्यंत उतरतच राहते. हिशेब मांडा. टाकी १२० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद असेल तर दर सेंटीमीटरला ५.४ लिटर, चार सेंटीमीटरला २१.६ लिटर! तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवीच. परतीच्या पाइपचे तोंडही पृष्ठभागालगत ठेवा. खोल बुडाले तर तोच पाइप उलटे पाणी ओढतो. त्याला पाडलेले बारीक भोक शेवाळाने बुजते, त्यावर विसंबू नका.

याहून वाईट म्हणजे बॉक्सच्या नळीत हवा साठून सायफन तुटणे. पाणी खाली येत नाही आणि पंप ओततच राहतो. म्हणून पंपाच्या कप्प्यात पाणी बेताचेच ठेवावे, सगळे वर गेले तरी टाकी सांडू नये इतके.

(आपल्या समुद्रातले प्रवाळ कोणी विकू लागला तर हात लावू नका. वन्यजीव कायद्याने त्यांना २००१ पासून संरक्षण आहे.)

काम झाल्यावर गिऱ्हाइकासमोर मेन स्विच दहा मिनिटे बंद करून दाखवा, मगच पैसे घ्या.