थेंबाचा आकार आणि तिसरे चाक

वेगाने धावणाऱ्या वाहनाचा पहिला वैरी म्हणजे वारा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो मोडून काढण्यात इंधनाचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. हा हिशेब मोटारी बांधणाऱ्यांच्या आधी विमाने बांधणाऱ्यांनी मांडला. म्हणूनच वाऱ्याला वाट करून देणाऱ्या वाहनांचा इतिहास विमानांच्या कारखान्यांतून सुरू होतो.

पहिल्या महायुद्धापूर्वी विमाने बनविणारे एडमुंड रुम्पलर यांनी १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पाण्याच्या थेंबासारखी मोटार मांडली. पुढे गोलाई, मागे निमुळती शेपटी. १९७९ मध्ये तिची चाचणी घेतली असता हवेच्या विरोधाचा गुणांक केवळ ०.२८ भरला. त्या काळच्या नव्या मोटारींनाही तो सहसा साधत नव्हता. रुम्पलरांची गाडी चारचाकी होती. परंतु थेंबाचा आकार मागे निमुळता होतो, हे एकदा मान्य केले की तेथे दोन चाके कशाला, एकच पुरे, हा विचार ओघानेच येतो.

तो विचार अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर यांनी केला. शर्यतीच्या शिडाच्या नौका रेखाटणारे स्टार्लिंग बर्जेस यांच्या सहकार्याने त्यांनी १९३३ मध्ये ब्रिजपोर्ट येथे ‘डायमॅक्सियन’ ही सुमारे वीस फूट लांबीची गाडी उभी केली. पुढील दोन चाके गाडी ओढत आणि मागील एकुलते चाक नौकेच्या सुकाणूप्रमाणे तिला वळवीत असे. कल्पना देखणी होती. परंतु आडव्या वाऱ्यात अशी गाडी सांभाळणे कठीण जाई. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाजवळ अपघात होऊन चालक मृत्युमुखी पडला. चौकशीत गाडीच्या रचनेवर ठपका आला नाही. तरीही भांडवल देऊ पाहणाऱ्यांनी पाय मागे घेतला. एकूण तीनच गाड्या तयार झाल्या. विश्वास हेही भांडवलच असते आणि ते एकदा बुडाले की तांत्रिक निर्दोषत्वाच्या दाखल्याने परत येत नाही.

दुसरी कथा जर्मनीतील. महायुद्धात हातपाय गमावलेल्या माणसांची संख्या तेथे मोठी होती. विमानविद्येचे शिक्षण घेतलेल्या फ्रिट्झ फेंड यांनी अशा व्यक्तींसाठी १९४८ च्या सुमारास हाताने चालविण्याची तीनचाकी बनविली. पुढे तिला छोटे इंजिन जोडले. थोड्याच दिवसांत धडधाकट माणसेही ती मागू लागली, कारण मोटार परवडत नव्हती आणि दुचाकीवर पावसाचे व थंडीचे हाल होत. फेंड यांनी बाजारातून आलेली ही खूण वाचली. त्याच वेळी मेसरश्मिट या विमान कंपनीला विमाने बांधण्यास मनाई होती. कारखाना होता, कारागीर होते, काम नव्हते. दोघांची गरज जुळली आणि १९५३ मध्ये रेगेन्सबर्गहून बंद तीनचाकी बाहेर पडली.

तिची बैठक विमानासारखी होती : चालक पुढे, सोबती त्याच्या मागे. त्यामुळे गाडी अरुंद झाली आणि वाऱ्यासमोर येणारा तिचा दर्शनी भागही लहान राहिला. म्हणूनच १९५५ च्या आवृत्तीत अवघ्या १९१ सीसीच्या इंजिनावर ताशी ९० किलोमीटरचा वेग साधला. डोक्यावरचा पारदर्शक घुमट पाहून लोक म्हणत, की हे लढाऊ विमानांचे उरलेले सामान आहे. ते खरे नव्हते. घुमट या गाडीसाठीच घडविला जाई. विमानबांधणीची बंदी उठताच कंपनी पुन्हा मूळ धंद्याकडे वळली. परंतु फेंड यांनी तीनचाकीचा कारखाना आपल्या हाती घेऊन १९६४ पर्यंत चालविला. चाळीस हजारांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या.

याच वंशाची एक शाखा आपल्या दारापर्यंत पोहोचली आहे. विमाने बनविणाऱ्या इटलीच्या पियाजिओ कंपनीने युद्धानंतर हेलिकॉप्टरचे अभ्यासक कोर्रादिनो दास्कानियो यांच्याकडून ‘व्हेस्पा’ स्कूटर घडविली आणि तिच्यावरूनच तीनचाकी मालवाहू गाडी काढली. त्या गाडीला प्रवासी रूप देऊन भारतात रिक्षा आणण्याच्या खटपटीत अहमदनगरचे नवलमल फिरोदिया अग्रभागी होते. माणसाने माणसाला ओढावे, हे त्यांच्या मनाला सलत होते. आपल्या समाजातील या गृहस्थाने यंत्राकडे प्रथम करुणेच्या नजरेने पाहिले आणि मग व्यापाराच्या. त्या क्रमातच त्यांचे मोठेपण आहे.

या कथा शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे व्यापारी घरातील तरुणांना एक गोष्ट उमगावी. डायमॅक्सियनमागे भव्य स्वप्न होते. फेंड यांच्या आणि फिरोदिया यांच्या गाडीमागे कोणाची तरी अडचण होती. स्वप्नाला गिऱ्हाईक शोधावे लागते, अडचणीपाशी ते आधीच उभे असते. शिवाय फेंड यांच्या गाडीत जरुरीपेक्षा जास्त काहीच नव्हते : दोन माणसे, तीन चाके, चिमुकले इंजिन. अपरिग्रहाचे व्रत व्याख्यानात आपण अनेकदा ऐकतो. यंत्राच्या रचनेतही ते पाळता येते आणि तसे पाळलेले यंत्र गरिबाच्याही आवाक्यात येते. नव्या धंद्याचा आराखडा हाती घेताना पहिल्या पानावर नफ्याचा अंदाज मांडण्याआधी ही वस्तू कोणाची अडचण दूर करणार आहे, तेवढे एक वाक्य लिहावे. ते लिहिता आले नाही, तर पुढची पाने तूर्त कोरीच ठेवावीत.