शाळेतला पोलीस कोणाच्या पैशातून?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने 2023 मध्ये प्रत्येक सरकारी शाळेत, शाळेच्या वेळात, एक सशस्त्र अधिकारी सक्तीचा केला. त्यासाठी राज्याने तेव्हा दिले ते शाळेमागे वर्षाला 15,000 डॉलर आणि विद्यार्थ्यामागे 10 डॉलर. एवढ्यात पूर्णवेळ पोलिसाचा पगार निघत नव्हता. उरलेला भार शाळांनी सोसायचा, म्हणजे ज्या तिजोरीतून शिक्षक, परिचारिका आणि समुपदेशक यांचे पगार होतात तिच्यातूनच. या कायद्यामागचे दुःख खरे आहे. 24 मे 2022 रोजी उवाल्डे गावातल्या प्राथमिक शाळेत 19 मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. पण तिथल्या शाळांचे स्वतःचे पोलीस दल होते. त्या दिवशी निरनिराळ्या दलांचे 376 पोलीस जमले आणि हल्लेखोरापर्यंत पोहोचायला 77 मिनिटे गेली. पोलिसांची उणीव तिथे नव्हतीच.

रोजच्या दिवशी हा पोलीस काय करतो, याचा हिशेब मात्र टेक्सासमध्येच मांडला गेला आहे. एमिली वाइसबर्स्ट या अर्थशास्त्रज्ञ संशोधिकेने तिथल्या 25 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. शालेय पोलिसांसाठी केंद्राचे अनुदान मिळाले तिथे ‘मिडल स्कूल’मधल्या मुलांवरच्या शिस्तभंगाच्या कारवाया 6 टक्क्यांनी वाढल्या. त्याही गंभीर गुन्ह्यांसाठी नव्हे, किरकोळ आगळिकींसाठी, आणि सर्वाधिक वाढ कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला आली. तीन वर्षांचे अनुदान मिळालेल्या ठिकाणी शालान्त शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अडीच टक्क्यांनी आणि महाविद्यालयात जाणाऱ्यांचे चार टक्क्यांनी घटले. उलट उत्तर दिले, धक्काबुक्की झाली, की पूर्वी मुख्याध्यापक पालकांना बोलावत. दारातच पोलीस असला की तेच प्रकरण त्याच्याकडे जाते. मुलांचे शिक्षण तोडणारा हा खर्च सुरक्षेच्या नावाखाली मला मान्य नाही.

पोलिसांमुळे शाळेतल्या मारामाऱ्या कमी होतात, हा आक्षेप पोकळ नाही. देशभरच्या आकडेवारीवरच्या एका अभ्यासात तसे आढळले आहे. मात्र बंदुकीच्या घटना घटल्याचे त्यात दिसले नाही, आणि निलंबने व अटका वाढल्या. डेन्व्हर शहराने 2020 मध्ये शाळांतून पोलीस हटवायचे ठरवले आणि 2023 मध्ये एका शाळेतल्या गोळीबारानंतर परत आणले. तिथल्या पालकांच्या भीतीला कमी लेखणे अन्यायाचे होईल. पण मारामारी थांबवायला बंदूकच लागते असे नाही. मुलाशी वेळेवर बोलणारे माणूस लागते, आणि तेच अमेरिकी शाळांत दुर्मीळ आहे. शालेय समुपदेशकांची तिथली संघटना 250 विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा म्हणते. नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या ‘एसीएलयू’च्या 2019 च्या अहवालानुसार, सुमारे 1 कोटी 40 लाख अमेरिकी मुलांच्या शाळेत पोलीस होता, पण समुपदेशक, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक यांपैकी एखादे पद तरी पूर्ण रिकामे होते. आधी ही पदे भरा. पोलीस हवाच असेल तर हाकेच्या अंतरावर असू द्या आणि शिस्तीचे काम त्याचे नाही, हे करारात लिहा.

टेक्सासमधल्या डॅलस आणि ह्यूस्टनच्या परिसरात आता अनेक मराठी कुटुंबे राहतात. शाळा-मंडळाची अंदाजपत्रकाची बैठक सर्वांना खुली असते. तिथे जा आणि आपल्या मुलांच्या शाळेत किती विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक आहे, हे विचारा.