गाडी राहू द्या, माणूस द्या

भिलाईत अँब्युलन्स दान करायला लोक आपणहून पुढे येतात. कोणाला वडिलांच्या वर्षश्राद्धाला द्यायची असते, कोणाला दुकानाला पन्नास वर्षं झाली म्हणून. भावना खरी असते, पैसाही कष्टाचा असतो. तरी पोलाद कारखान्याच्या मेंटेनन्समधून निवृत्त झाल्यापासून एका स्वयंसेवी अँब्युलन्स सेवेचं काम पाहताना माझं एक मत पक्कं झालं आहे. या गावाला गाड्यांपेक्षा गाडीत रुग्णाशेजारी बसणारा शिकलेला माणूस हवा आहे.

मध्यंतरी एक व्यापारी भेटायला आला. "काका, आईच्या नावाने गाडी द्यायची आहे. कुठली घेऊ?" मी म्हटलं, "गाडी राहू दे. रात्रपाळीच्या ड्रायव्हरचा वर्षभराचा पगार दे." तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण पगारावर आईचं नाव कुठे लिहिणार?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणूनच मला लागला. गाडीपुढे नारळ फुटतो, फोटो निघतो. डिझेल, विमा, फिटनेस, टायर आणि पगार कोणाला दिसत नाहीत. म्हणून दानात मिळालेल्या गाड्या बॅटरी उतरून संस्थांच्या अंगणात उभ्या राहतात.

पाळ्यांचा हिशेब भिलाईला समजावून सांगायला नको. ए, बी, सी शिफ्ट इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. एक गाडी चोवीस तास चालवायची तर तीन ड्रायव्हर लागतात, त्यांच्या सुट्टीला चौथा, आणि तितकेच मदतनीस. धमनभट्टी रात्रीची विझवून ठेवत नाहीत, हे या गावाला 1959 पासून ठाऊक आहे.

माणूस शिकलेला नसेल तर गाडीतली उपकरणं नुसतं सामान उरतात. ऑक्सिजनचं सिलिंडर घ्या. ते उघडायला एक छोटी चावी लागते आणि ती कोणाच्या तरी खिशातून घरी जाते. आमच्याकडे ती सुतळीने सिलिंडरच्या मानेला बांधलेली आहे. पाळी घेणाऱ्याने आधी ती लावायची, व्हॉल्व्ह उघडायचा, काटा बघायचा, बंद करायचा आणि आकडा वहीत लिहायचा. मग सक्शन ओढतंय का, स्ट्रेचरचे खटके बसतात का. हे रोज, न चुकता. मध्यरात्री एखाद्या आजीला दम लागतो. घरचे घाबरून म्हणतात, आडवी करा, आडवी करा. शिकलेला मदतनीस तिला पाठीशी उशा लावून बसवतो, मास्क लावतो, हात धरून हळू आवाजात बोलत राहतो. बसवलं की बहुतेकदा तिचा श्वास जरा सोपा होतो. हे कसब विकत घेतलेल्या गाडीबरोबर येत नाही.

कारखान्याच्या फाटकाच्या आत हे कसब कायद्याने आलं. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 45 ने दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेला माणूस बंधनकारक केला. पाचशेहून जास्त कामगार असतील तिथे अँब्युलन्स रूम. अशा नियमांपोटी इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकत गेले. 12 जून 2014 ला कारखान्यात गॅसगळती झाली, सहा जण गेले. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. पडलेल्याला ओढायला मास्कशिवाय धावणाराही त्याच्या शेजारी पडतो. आमच्यापैकी प्रत्येकाला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

आता फाटकाबाहेर या. जीई रोडवर, सुपेल्याच्या रविवार बाजारात, पॉवर हाउस स्टेशनाबाहेर असा माणूस शोधून सापडत नाही. अपघात झाला की गर्दी जमते. ही गर्दी निर्दयी नसते, तिला मदत करायचीच असते. म्हणून कोणी तरी बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततं आणि ते श्वासनळीत जातं. दोघं हात धरतात, दोघं पाय, आणि मान लोंबकळते. छत्तीसगडात ज्याच्या त्याच्या खांद्यावर गमछा असतो. तोच घडी करून रक्त येणाऱ्या जागी घट्ट दाबून धरला, तर सेक्टर 9 च्या रुग्णालयापर्यंत माणूस पोहोचण्याची आशा राहते. संजीवनी 108 या राज्यात 2011 पासून आहे आणि तिची गाडी येते. पण मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला की चार-सहा मिनिटांत इजा सुरू होते, आणि ती मिनिटं त्या गर्दीच्याच हातात असतात.

पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती अजून गेलेली नाही. जखमीला मदत करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये संरक्षण दिलं, 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आलं. नाव सांगायचं की नाही हे मदत करणाऱ्याने ठरवायचं. हे चौकाचौकात मोठ्या अक्षरांत लिहायला हवं.

9 एप्रिल 2024 च्या रात्री कुम्हारीजवळ कामगारांची बस मुरमाच्या खाणीत कोसळली, 12 जण गेले. तशा खड्ड्यात उतरायला दोर, दिवे आणि हाताला सराव लागतो, आणि सराव आधीच झालेला असावा लागतो. 2018 मध्ये आंबेनळी घाटात दापोली कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, तेव्हा महाबळेश्वरचे ट्रेकर्स खाली उतरू शकले ते या सरावामुळेच. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रचंही तेच. छंद म्हणून हातात घेतलेला दोर त्यांनी गावाच्या कामी लावला. अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रोआनोक गावात 1928 साली ज्युलियन वाइज या रेल्वे कर्मचाऱ्याने आपल्या सहकाऱ्यांना घेऊन तिथलं पहिलं स्वयंसेवी बचाव पथक उभं केलं. लहानपणी त्याने दोन माणसांना नदीत बुडताना पाहिलं होतं आणि काठावरच्या कोणालाच काही करता आलं नव्हतं. तेही रेल्वेच्या कारखान्यावर जगणारं गाव होतं.

आपल्याकडे दोर, मास्क, स्ट्रेचर हाताळलेली माणसं साठाव्या वर्षी निवृत्त होतात आणि घरी बसतात, कारण त्यांना कोणी विचारत नाही. माझं कारखान्याला, महापालिकेला आणि दुर्ग जिल्हा प्रशासनाला कळकळीचं सांगणं आहे की त्यांना विचारा. निरोप समारंभाच्या दिवशीच एक साधा अर्ज पुढे करा: काय शिकला आहात आणि महिन्यातून एक पाळी देऊ शकाल का. वर्षाला दोन दिवसांची उजळणी ठेवा. देणगीदारांनी या उजळणीचा आणि रात्रपाळीच्या पगाराचा भार उचलावा. त्यांचं नाव आम्ही ड्यूटी चार्टच्या माथ्यावर आनंदाने लिहू. आणि बाहेरच्यांसाठी पहिला वर्ग पॉवर हाउसच्या रिक्षावाल्यांचा घ्या. उशिराची गाडी येऊन गेल्यावर रस्त्यावर जागे असतात ते तेच.