जगलेली पिल्ले हेच खरे उत्पन्न

बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकऱ्यास जोडधंदा नवा नाही. उसाच्या व द्राक्षाच्या जोडीला गोठा आहे, कोंबड्या आहेत, शेततळ्यात मासेही आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संगोपनासाठीही साहाय्याची तरतूद झाली. तेव्हा काचेच्या पेटीतील रंगीत माशांची पैदास हा धंदाही शेतकरी कुटुंबाच्या आवाक्यात आला आहे. मात्र या धंद्याचा हिशेब टाक्यांच्या संख्येवर किंवा घातलेल्या अंड्यांवर मांडला जातो, तो चुकीचा आहे. हिशेब जगलेल्या पिल्लांवरच मांडला पाहिजे.

याचा दाखला दूर शोधावयास नको. भिगवणच्या बाजारात उजनी जलाशयाची जी चिलापी विकली जाते, ती एंजल, ऑस्कर इत्यादी शोभिवंत माशांच्याच, म्हणजे सिक्लिड कुळातील आहे. ही आफ्रिकेतील जात भारतात १९५२ मध्ये आणली गेली. पुढे १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदी आली, तरीही ती पसरतच गेली. रोहू मादी लाखांनी अंडी घालते, चिलापी शेकड्यांनीच. परंतु चिलापीची मादी अंडी तोंडात धरून उबवते, सुमारे दहा ते चौदा दिवस पिल्लांना सांभाळते आणि भय वाटताच त्यांना पुन्हा तोंडात घेते. तिच्या प्रसारास इतर कारणेही आहेत. पण थोडी अंडी आणि पुष्कळ राखण हे त्यांतील मोठे कारण होय.

टाकीत मात्र ही राखण बिघडते. एंजलची जोडी पाटीच्या किंवा रुंद पानाच्या पृष्ठभागावर अंडी चिकटवते व त्यांवर पहारा करते. पण सतत हालचाल, उजेड वा धक्का लागला की तीच जोडी आपली अंडी खाऊन टाकते. म्हणून जोडीची टाकी शांत जागी असावी. जोडी वारंवार अंडी खात असेल, तर पाटी काढून वेगळ्या टाकीत ठेवावी व तेथे हवेचा मंद बुडबुडा सोडावा. त्यानंतर राखणीचे काम सर्वस्वी मालकाकडे येते.

पिल्ले पोहू लागल्यानंतरचा पहिला पंधरवडा निर्णायक असतो. पोटातील पिवळा साठा संपताच त्यांना बारीक जिवंत खाद्य लागते. आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात सुमारे २४ तासांत फुटतात. ती तयारी पिल्ले पोहण्यापूर्वीच झालेली असावी. खाद्य थोडे व अनेक वेळा द्यावे, कारण उरलेले खाद्य कुजून पाणी विषारी होते. पाणी एकदम सगळे न बदलता थोडे थोडे बदलावे, व नवे पाणी तेवढ्याच उबेचे असावे. पौष-माघातील रात्री या भागात कडक थंडी पडते, तर या माशांना २५ ते २८ अंश उष्णता लागते. तेव्हा झाकलेली शेड व पाणी तापविण्याचे साधन यांवरील खर्च वायफळ समजू नये. मोठी पिल्ले लहानांना खातात, म्हणून त्यांची वेळोवेळी प्रतवारी करावी.

जातीची निवडही पाणी पाहून करावी. कालव्याखालील अनेक विहिरींचे पाणी जड असते. एंजलच्या अंड्यांना मऊ पाणी मानवते. उलट मलावी सरोवरातील तोंडात अंडी धरणाऱ्या जातींना जड व अल्कयुक्त पाणी चालते. म्हणून आधी पाणी तपासून घ्यावे, मग जोडी विकत आणावी. बाजारात जी जात महाग तीच आपल्या विहिरीला योग्य, असे मुळीच नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या धंद्याची पाहणी करताना टाक्या मोजून परत फिरू नये. किती पिल्ले पोहू लागली, पंधराव्या दिवशी किती उरली व विक्रीयोग्य किती झाली, हे तीन आकडे प्रत्येक मालकाच्या वहीत असावेत. मरतूक कोणत्या दिवशी झाली हे कळले की तिचे कारण शोधता येते. असे न झाल्यास शेतकरी नवी जोडी विकत घेत राहतो व तोटा वाढत जातो.

आणखी एक जबाबदारी टाळता येणार नाही. ज्या गुणामुळे चिलापी टिकली, तोच गुण टाकीतील माशांतही आहे. पेटीतील सकर मासा उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात सापडू लागला, ही सूचना पुरेशी आहे. नको असलेले मासे ओढ्यात, नीरा डाव्या कालव्यात किंवा जलाशयात कदापि सोडू नयेत. सांडपाण्याच्या वाटेवरही बारीक जाळी असावी. स्वतःच्या टाकीत पिल्ले जगविणे हे जसे मालकाचे कौशल्य, तसेच ती टाकीबाहेर जाऊ न देणे हे त्याचे शेजारधर्माचे कर्तव्य होय.