रोगाची गती हा पुरावा नव्हे

सन १९९९ मधील गोष्ट. खानापूर तालुक्यातील एक तरुण जोडपे माझ्याकडे आले. नवरा गोव्यात गवंडीकाम करीत असे. दोघांनाही एचआयव्हीची बाधा झाल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. वर्षभराच्या आत नवरा क्षयजन्य मेंदुज्वराने दगावला. पत्नीची प्रकृती मात्र उत्तम होती. तिच्या रक्ताचा नमुना पुण्याला पाठवून मोजलेल्या सीडी-४ पेशी सहाशेहून अधिक भरल्या. दिवसकार्य आटोपल्यावर सासू तिला घेऊन दवाखान्यात आली आणि तिच्यादेखतच मला म्हणाली, "माझा लेक गेला, ही बघा कशी ठणठणीत आहे. म्हणजे रोग हिच्याकडनंच आलाय न्हवं, डॉक्टर?"

"तसं काही सांगता येत नाही," एवढेच मी बोललो आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. बाहेर गर्दी होती. त्या अर्ध्या वाक्याचा अर्थ सासूने आपल्या सोयीने लावला. महिनाभरात ती मुलगी माहेरी पोहोचली. घर गेले, शेतातला वाटाही गेला. माझे उत्तर शास्त्रदृष्ट्या चुकीचे नव्हते, परंतु ते अपुरे होते. ते पुरे करण्यासाठीच हा लेखप्रपंच.

उपचार न घेतल्यास बाधा झाल्यापासून एड्सची अवस्था येईपर्यंत सरासरी दहा वर्षे जातात, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. परंतु ही केवळ सरासरी आहे. काहींच्या बाबतीत हा प्रवास दोन-तीन वर्षांतच संपतो, तर काहीजण वीस वर्षे औषधाविना धडधाकट राहतात. शेकडा एकाहूनही कमी रुग्णांत तर रक्तातील विषाणू नेहमीच्या चाचणीत सापडतच नाही.

या फरकाची कारणे आता बरीच उलगडली आहेत. काही विषाणूकडे आहेत. सिडनी येथे एकाच दात्याचे रक्त मिळालेल्या रुग्णांचा आजार कमालीचा संथ होता. त्या विषाणूतील 'नेफ' या जनुकाचा काही भाग गळालेला असल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झाले. याउलट, नेदरलँड्समध्ये आढळलेला व सीडी-४ पेशी दुप्पट वेगाने घटविणारा प्रकार २०२२ मध्ये जगापुढे आला. एचआयव्ही-२ तर एचआयव्ही-१ पेक्षा मुळातच मंद आहे.

काही कारणे यजमान शरीराकडे आहेत. पेशीत शिरताना विषाणू सीसीआर-५ नावाच्या दाराचा उपयोग करतो. या जनुकातील ३२ घटकांचा तुकडा आईवडील दोघांकडूनही गळालेला मिळाला, तर बहुतेक विषाणूंना ते दार बंदच राहते. एकाकडूनच मिळाला, तर आजार संथावतो. १९९६ साली लागलेला हा शोध मुख्यत्वे युरोपीय वंशाच्या लोकांपुरता आहे, आपल्याकडे हा दोष विरळाच. एचएलए बी-५७ आणि बी-२७ हे वारसे मात्र विषाणूला दीर्घकाळ आवरून धरतात. गंमत अशी की, बी-५७ चाच एक उपप्रकार 'अबॅकॅव्हिर' या औषधाची घातक ॲलर्जी उत्पन्न करतो. निसर्ग एका हाताने देतो, दुसऱ्याने घेतो!

उरलेली कारणे परिस्थितीची. बाधेच्या वेळचे वय जितके अधिक, तितकी घसरण वेगवान. आणि आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचा तो क्षय. क्षयाने प्रतिकारपेशी चेतविल्या जातात आणि चेतलेल्या पेशींत विषाणू अधिक जोमाने वाढतो. दाटीवाटीच्या खोलीत राहून अर्धपोटी राबणाऱ्या गवंड्याला क्षय आधी गाठणार, यात त्याच्या शीलाचा संबंध येतोच कुठे?

आता सासूच्या प्रश्नाकडे वळू. सीडी-४ पेशींची संख्या बाधेची तारीख सांगत नाही. जो आधी गेला त्याला बाधा नंतर झाली, किंवा जी टिकली तिनेच ती आणली, असे कोणतेही शास्त्र म्हणत नाही. उलट, टिकून राहिलेल्या व्यक्तीला बाधाच उशिरा झाली असण्याचीही तितकीच शक्यता असते. खरे तर हा प्रश्नच दवाखान्याच्या दारात येता कामा नये. पण तो येतो, आणि आला म्हणजे वैद्याचे मौन साक्षीसारखे वापरले जाते.

या मौनाचा दुसरा लाभार्थी म्हणजे भोंदू. एखादा रुग्ण पंधरा वर्षे स्वभावतःच टिकतो आणि त्याचे श्रेय कुठल्या तरी काढ्याला किंवा भस्माला मिळते. 'मनोबल खंबीर होते म्हणून तरला' असे आपणही सहज बोलून जातो. मग जो तरला नाही, त्याचे मनोबल काय दुबळे होते? धीर देणे हे आपले कर्तव्यच आहे, परंतु त्यासाठी गेलेल्यांवर ठपका ठेवण्याची गरज नाही.

आणि संथ म्हणजे सुरक्षितही नव्हे. हीच रुग्णा २००८ साली परत आली, तेव्हा सीडी-४ दोनशेच्या खाली उतरले होते. सरकारी केंद्रातून मोफत औषधे सुरू झाली; आज ती नातवंडे खेळवीत आहे. २०१५ मधील 'स्टार्ट' या अभ्यासाने पेशी भरपूर असतानाच उपचार आरंभणे हिताचे असल्याचे सिद्ध केले आणि २०१७ पासून आपल्या देशातही निदान होताच औषध देण्याचे धोरण आले. त्याच वर्षीच्या कायद्याने बाधित स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्कही दिला आहे. दोन दशकांपूर्वी हा कायदा नव्हता, पण माझ्याकडे शब्द होते.

म्हणून माझ्या तरुण व्यवसायबंधूंना व भगिनींना विनंती आहे. असा प्रश्न आला, की पुढच्या रुग्णाला थोडे थांबवा. नातेवाइकांना बसवून, रुग्णाचे गुपित राखून, साध्या मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगा : एकच विषाणू दोन शरीरांत दोन चालींनी चालतो, कोण आधी गेले यावरून कोणी आणला हे ठरत नाही, आणि जो आज बरा दिसतो, त्यालाही औषध आजच हवे. याला पाच मिनिटे लागतात. ती मी त्या दिवशी दिली नाहीत.