मान आणि मत

निवडणुका जवळ आल्या म्हणजे सुशिक्षित घरांतून एक उद्गार हटकून ऐकूं येतो : "या बोलघेवड्या पुढाऱ्यांपेक्षां एखादा निवृत्त सेनापति निवडून दिला, तर देशाला शिस्त तरी लागेल !" वडील मंडळी हें तळमळीनें बोलतात आणि तरुण मंडळी तें उचलून धरतात. या उद्गारामागें कृतज्ञता आहे, आणि ती आम्हांसही मान्य आहे. परंतु मान देणें ही एक गोष्ट आणि मत देणें ही दुसरी. दोहोंची गल्लत झाली तर मतदाराचें नुकसान होतें, आणि ज्याला आपण मोठ्या भक्तिभावानें पुढें करतों, त्या वीराचेंही होतें. म्हणून या प्रश्नाचा थोडा सावकाश विचार करणें बरें.

प्रथम आपल्या महाराष्ट्रांतच घडलेली गोष्ट घेऊं. जनरल करिअप्पा यांनीं १५ जानेवारी १९४९ रोजीं इंग्रज सरसेनापतीकडून भारतीय सैन्याचीं सूत्रें घेतलीं. त्यांच्या चारित्र्याविषयीं दुमत नव्हतें. १९६५ च्या युद्धांत त्यांचे वैमानिक चिरंजीव पाकिस्तानच्या हातीं सांपडले. तेथील अध्यक्ष आयुबखान हे फाळणीपूर्वीं करिअप्पांच्या हाताखालीं काम केलेले; त्यांनीं मुलासाठीं सवलत देऊं केली. इतर कैद्यांहून निराळी वागणूक आपल्या मुलास नको, असें या बापानें कळविलें. अशा पुरुषानें १९७१ सालीं मुंबईंतून लोकसभेची निवडणूक लढविली. शिवसेनेचा पाठिंबा असूनही मतदारांनीं त्यांना निवडून दिलें नाहीं.

ही कृतघ्नता झाली काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याच राष्ट्रानें १९८६ सालीं त्यांना फील्ड मार्शल हें सर्वोच्च पद अर्पण केलें. मान देण्यांत कोणी कसूर केली नाहीं. मत मात्र लोकांनीं आपल्या विचाराप्रमाणें दिलें. यांत विसंगति नाहीं, कारण सैन्याचें काम आणि राज्यकारभाराचें काम यांचा पायाच भिन्न आहे. सेनापतीची आज्ञा ज्यांच्यावर चालते, ते ती पाळण्याची शपथ घेऊन आलेले असतात. मंत्र्याची सत्ता ज्यांच्यावर चालते, त्यांनींच त्याला नेमलेलें असतें, आणि पांच वर्षांनीं तेच त्याला घरीं बसवूं शकतात. एकत्र कुटुंबाच्या कर्त्या पुरुषाला हा भेद समजावून सांगावयास नको. चार भाऊ, त्यांच्या बायका, शिकणारी मुलें आणि माहेरीं राहिलेली आत्या, इतक्यांचें घर केवळ हुकुमावर फार दिवस चालत नाहीं. कोणाचें ऐकावें लागतें, कोणाची समजूत घालावी लागते, आणि कधीं आपलाच शब्द मागें घ्यावा लागतो.

याचें उत्तम उदाहरण अशा एका सेनापतीचें आहे, कीं ज्याच्या सहीनें आमच्या यवतमाळ जिल्ह्याचें नशीब बदललें. आर्थर वेलस्ली यानें १८०३ सालीं असई व अडगांव येथें मराठी फौजांचा पराभव केला, गाविलगड घेतला, आणि १७ डिसेंबरला देवगांव येथें नागपूरकर रघूजी भोसल्यांशीं तह केला. त्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा मुलूख निजामाच्या पदरांत पडला. वर्धा ही आजच्या यवतमाळ जिल्ह्याची पूर्वसीमा होय. हाच वेलस्ली पुढें वाटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला, आणि १८२८ सालीं सरसेनापतिपद सोडून इंग्लंडचा मुख्य प्रधान बनला.

प्रधान म्हणून तो कसा ठरला ? १८२९ सालीं कॅथलिक प्रजेला हक्क देण्याचा प्रश्न आला. त्याचें पूर्वींचें मत विरुद्ध होतें. परंतु आयर्लंडांत यादवी माजेल हें दिसतांच त्यानें तें मत बदललें आणि स्वपक्षाचा रोष पत्करून कायदा मंजूर करविला. युद्ध डोळ्यांनीं पाहिलेल्या मनुष्यास युद्धाची किंमत कळते, ती अशी. परंतु पुढच्याच वर्षीं, नोव्हेंबर १८३० मध्यें, पार्लमेंटच्या सुधारणेची मागणी देशभर दुमदुमत असतां, आहे ती व्यवस्था उत्तम असून तींत बदल नको असें त्यानें सरदारांच्या सभेंत ठणकावून सांगितलें. पंधरवडा लोटण्याच्या आंतच त्याचें मंत्रिमंडळ पडलें. मनुष्य तोच, शौर्य तेंच, पदकेंही तींच. एकदां त्यानें प्रजेकडे कान दिला व तो यशस्वी झाला. दुसऱ्यांदा कान मिटून घेतले व तो पडला. तेव्हां उमेदवाराची छाती पाहण्याआधीं त्याचे कान पाहावे, हें उत्तम.

मग सैनिक राज्यकारभारास अपात्रच समजावा काय ? मुळींच नाहीं. तसें म्हणणें हाही अन्यायच होईल. आझाद हिंद सेनेंतील मेजर जनरल जगन्नाथराव भोसले हे १९५२ सालीं लोकसभेवर निवडून आले, केंद्रांत पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले, आणि निर्वासितांच्या मुलांसाठीं त्यांनीं १९५४ मध्यें राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. त्यांची कवाईत येथें अनाथ झालेल्या बालकांच्या उपयोगीं पडली.

दुसरे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात. १९५३ सालीं कोरियांत युद्धकैद्यांच्या रक्षणास गेलेल्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. खवळलेल्या कैद्यांनीं एका भारतीय अधिकाऱ्यास धरून ठेवलें, तेव्हां बंदुका न चालवितां ते नि:शस्त्र कुंपणाच्या आंत गेले आणि बोलण्यानें त्यास सोडवून आणलें. पुढें १९५९ सालीं, पूर्वसीमेवर चिनी आक्रमण झाल्यास आपलें बळ अपुरें पडेल, असा लेखी इशारा त्यांनीं वरिष्ठांस दिला. वरिष्ठांस तो रुचला नाहीं; १९६२ सालानें तो खरा ठरविला. गर्दीसमोर शस्त्रावांचून उभें राहणें आणि सत्तेसमोर अप्रिय सत्य बोलणें, हे गुण ज्या सैनिकांत असतील, त्याच्या हातीं कारभार द्यावयास भिण्याचें कारण नाहीं.

भारतांतील द्यूतसभा आठवा. भीष्मासारखा योद्धा त्या सभेंत होता, तरी द्रौपदीच्या प्रश्नास त्याला सरळ उत्तर देतां आलें नाहीं. स्पष्ट बोलला तो शस्त्र न धरणारा विदुर. रणांगणावरील धैर्य आणि सभेंतील धैर्य हीं दोन निरनिराळीं आहेत. दुसऱ्या प्रकारच्या धैर्यासाठीं यवतमाळकरांस दूर जावें लागत नाहीं. वणी येथें जन्मलेले व यवतमाळास वकिली करणारे लोकनायक बापूजी अणे यांनीं १९३० सालीं पुसदचा जंगल सत्याग्रह चालविला. १९४१ सालीं ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत गेले. त्याबद्दल त्यांजवर टीकाही झाली. परंतु फेब्रुवारी १९४३ मध्यें महात्माजींचें उपोषण चालू असतां सरकार नमत नाहीं असें पाहून त्यांनीं त्या जागेचा राजीनामा दिला. अधिकार घेतांना मनुष्य काय बोलतो यापेक्षां तो कशासाठीं सोडतो, यावरून त्याची खरी ओळख पटते.

यास्तव निवृत्त सेनानी आपल्या दारीं मत मागावयास आला, तर त्याला प्रथम आदरानें बसवावें, आणि मग त्याच्या पूर्वायुष्याविषयीं तीन गोष्टी विचाराव्या. वरिष्ठांस न आवडणारें सत्य त्यानें कधीं सांगितलें काय ? हाताखालच्या मनुष्यानें विरोध केला असतां त्यानें ऐकून घेतलें काय ? आणि तत्त्वासाठीं कांहीं सोडण्याचा प्रसंग आला, तेव्हां त्यानें काय केलें ? हेच प्रश्न वकील, डॉक्टर किंवा जमीनदार उमेदवारासही लागू आहेत. परंतु गणवेशाचें तेज डोळ्यांत भरतें, म्हणून सैनिकाच्या बाबतींत ते विचारावयाचे राहून जातात. उत्तरांचा विचार घरांतील प्रत्येक मतदारानें आपापला करावा. सुनेचें मत सासऱ्याहून निराळें पडलें, तरी त्यामुळें घराची शिस्त मोडत नाहीं.